पंचविसाचे बेचाळीस, सतराचे दोन

एक कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होते म्हणजे पहिलीची मालमत्ता, देणी, करार, कोर्टकज्जे, खुर्च्या आणि माणसे एका ठरलेल्या दिवसापासून दुसरीची होतात आणि पहिली कंपनी दिवाळे न काढता, कुलूप न लावता कागदोपत्री नाहीशी होते, अशी व्याख्या कंपनी कायदा, २०१३ मधील २३० ते २३२ या कलमांवरून करता येते. या व्याख्येत खुर्चीचे काय होणार हे स्वच्छ सांगितलेले असले, तरी त्या खुर्चीवर बसणाऱ्याला पगाराच्या जोडीला जे शेअर किंवा शेअर घेण्याचे हक्क देऊ केलेले असतात, त्यांचे काय होणार हे कळण्यासाठी विलीनीकरण योजनेच्या जाडजूड मसुद्यात बरेच खोल उतरावे लागते. प्रास्ताविक, व्याख्या आणि त्या व्याख्यांवरील स्पष्टीकरणे संपल्यावर कधीतरी कर्मचाऱ्यांचे कलम येते, आणि तिथवर पोहोचण्याआधीच बहुतेक कर्मचारी व्यवस्थापनाच्या पत्रातले ‘रोमांचक प्रवास’ हे दोन शब्द वाचून घाबरलेले असतात.

हा विषय मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यावर मंठा, जिंतूर आणि सेलू या तिन्ही बाजूंचे रस्ते येऊन मिळतात, आणि या टापूतील माणसांनी विलीनीकरणे पाहिली ती पासबुकावर. निजामाच्या राज्यात १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक म्हणून निघालेली आणि पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद या नावाने मराठवाड्यात गावोगावी ओळखली गेलेली बँक १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. नांदेडची मराठवाडा ग्रामीण बँक २००९ साली महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली आणि १ मे २०२५ पासून त्या बँकेत विदर्भ कोकण ग्रामीण बँकही येऊन मिळाली. दरवेळी फळ्यावरचे नाव बदलले, शिक्का बदलला, शाखेचा कोड बदलला. शेतकऱ्याच्या नावावरचे पीककर्ज मात्र प्रत्येक विलीनीकरणातून केसालाही धक्का न लागता सुखरूप बाहेर पडले.

या दोन्ही प्रकरणांत शेअरचा हिशेब कोणालाच करावा लागला नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. स्टेट बँक ऑफ हैदराबादचे सगळे भांडवल स्टेट बँकेच्याच मालकीचे असल्यामुळे शेअर कोणाला बदलून द्यायचे हा प्रश्नच उद्भवला नाही. त्याच दिवशी विलीन झालेल्या, पण शेअर बाजारात नोंदलेल्या बँकांच्या भागधारकांना मात्र बिकानेर अँड जयपूरच्या १० शेअरमागे स्टेट बँकेचे २८, तर म्हैसूर आणि त्रावणकोरच्या प्रत्येकी १० शेअरमागे २२ शेअर मिळाले. ग्रामीण बँकेच्या भांडवलात केंद्र सरकारचा ५० टक्के, राज्य सरकारचा १५ टक्के आणि पुरस्कर्त्या बँकेचा ३५ टक्के वाटा असा कायद्याचा मूळ साचा आहे, आणि बेरीज तिथेच शंभर होत असल्यामुळे भरदुपारी वीज नसताना कर्जवाटपाच्या याद्या हाताने उतरवून काढणाऱ्या कारकुनाच्या वाट्याला मालकीचा अपूर्णांकही येत नाही.

पुढच्या पिढीची गोष्ट निराळी आहे. याच टापूतून हिंजवडी, खराडी किंवा बंगळुरूला गेलेल्या अभियंत्याच्या पगारपत्रात ‘ईसॉप’ नावाचा रकाना असतो आणि तो रकाना सोयरीक जुळवताना बायोडाटावर चढतो. बायोडाटात ‘पॅकेज २२ लाख’ असे ठळक छापून त्याखाली बारीक टायपात ‘ईसॉपसह’ असे लिहिण्याची प्रथा वधूपित्यांच्या आता पुरती ध्यानात आली आहे. त्यामुळे चहाच्या दुसऱ्या कपानंतर मंडळींपैकी एखादे वडीलधारे गृहस्थ टोपी सारखी करत, ‘ते समदं झालं, पन हातात किती पडतेत?’ असे विचारतात, आणि भांडवलबाजाराच्या साहित्यात या प्रश्नाइतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारलेला आढळतो.

हातात किती पडतात हे सांगण्यासाठी आधी हातात काय आहे ते सांगावे लागते. ईसॉपमधून मिळणारा स्टॉक ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. तो कंपनीचा शेअर ठरावीक किमतीला, ठरावीक मुदतीनंतर विकत घेण्याचा हक्क आहे. तो दिला जातो त्या दिवसाला ‘ग्रँट’ म्हणतात, नोकरीची ठरलेली मुदत पुरी होऊन तो पक्का होतो त्याला ‘व्हेस्टिंग’ म्हणतात, आणि कर्मचारी पैसे भरून प्रत्यक्ष शेअर घेतो त्याला ‘एक्सरसाइज’ म्हणतात, ज्यात घाम फक्त पैसे भरताना फुटतो. सेबीच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदलेल्या कंपनीत ग्रँट आणि व्हेस्टिंग यांच्यात किमान १ वर्षाचे अंतर असावे लागते. हा हक्क दुसऱ्याला विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि म्हणून हुंड्यात मागताही येत नाही, हा या नियमांचा बहुधा नकळत झालेला सामाजिक लाभ आहे.

विलीनीकरणात या हक्काचे काय होते, हे शेतकरी कुटुंबाला सांगण्यासाठी शेअर बाजारापेक्षा जमिनीचा दाखला अधिक उपयोगी पडतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली राज्यातल्या कितीतरी गावांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा ज्याची जमीन तीन ठिकाणी विखुरलेली होती त्याला एका ठिकाणी तेवढ्याच मोलाची जमीन देण्याचे तत्त्व होते; क्षेत्र सारखे असेलच असे नाही, कारण काळी कसदार दोन एकर आणि मुरमाड पाच एकर यांचे मोल सारखे असू शकते. विलीनीकरणातील अदलाबदलीचे गुणोत्तर हे असेच चालते. दोन्ही कंपन्यांचे मोल तज्ज्ञ मूल्यांकक ठरवतात, एकीच्या इतक्या शेअरमागे दुसरीचे इतके शेअर असा आकडा काढतात, आणि पूर्ण शेअर होत नाही अशा तुकड्यांची रोख रक्कम देऊन टाकतात. फरक एवढाच, की गटवारीत आपल्याला नेमके वाईट रान आले अशी तक्रार गावातल्या प्रत्येकाची असते, तर गुणोत्तराबद्दल ती तक्रार दोन्ही कंपन्यांचे भागधारक एकाच वेळी करतात.

या हिशेबाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठसठशीत उदाहरण मुंबईचे आहे. १९७७ साली स्थापन झालेली एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था, जिने १९९४ साली एचडीएफसी बँक काढली, ती ४ एप्रिल २०२२ रोजी झालेल्या घोषणेनुसार १ जुलै २०२३ रोजी त्याच बँकेत विलीन झाली. अशा रीतीने काढणारी नाहीशी झाली आणि काढलेली उरली. गुणोत्तर ठरले २५ ला ४२, म्हणजे संस्थेच्या २५ शेअरमागे बँकेचे ४२ शेअर. कोणाच्या नावावर किती शेअर आहेत हे ज्या दिवसाच्या नोंदीवरून पाहायचे, ती ‘रेकॉर्ड डेट’ १३ जुलै २०२३ होती. संस्थेकडे बँकेचे जे शेअर होते ते रद्द झाले, कारण कंपनीला स्वतःचीच भागधारक होऊन बसता येत नाही; तशी मुभा असती तर वार्षिक सभेत प्रश्न विचारणारे कोणीच उरले नसते.

आता संस्थेच्या एका कर्मचाऱ्याजवळ १,००० ऑप्शन होते आणि प्रत्येकाची एक्सरसाइज किंमत, म्हणजे शेअर घेताना भरावयाची रक्कम, २,१०० रुपये होती असे धरू. ४२ भागिले २५ म्हणजे १.६८, ऑप्शनला १.६८ ने गुणायचे आणि किमतीला १.६८ ने भागायचे. ऑप्शन होतात १,६८० आणि किंमत होते १,२५० रुपये. पूर्वी सगळे शेअर घेण्यासाठी २१ लाख रुपये भरावे लागत होते, आताही २१ लाखच भरावे लागतात. तरीसुद्धा हजाराचे सोळाशे ऐंशी झाल्याचा निरोप घरी पोहोचताच पेढ्यांची ऑर्डर जाते, आणि किंमतही त्याच हिशेबाने बदलली म्हणून जागच्या जागीच आहोत, हे समजावून सांगणारा मुलगा घरात उगीचच निराशावादी ठरतो.

उलट दिशेचे उदाहरण पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्राचे आहे. जानेवारी २००९ मध्ये हिशेबांतील घोटाळा उघडकीस आल्यावर सत्यम कॉम्प्युटर्सची जी विक्री झाली, तीत टेक महिंद्राने शेअरमागे ५८ रुपयांची बोली लावून ती कंपनी ताब्यात घेतली आणि २०१३ साली ती स्वतःत विलीन करून घेतली, तेव्हा गुणोत्तर होते १७ ला २. या गुणोत्तराने १,००० ऑप्शनचे ११७ आणि वर एक तुकडा होतो, आणि ६० रुपयांची एक्सरसाइज किंमत साडेआठपट होऊन ५१० रुपयांवर जाते. गणिताच्या दृष्टीने या माणसाचे काहीही गेलेले नाही. परंतु हजाराचे एकशे सतरा झाले आणि किंमत साठावरून पाचशे दहावर गेली, या दोन वाक्यांनंतर तिसरे वाक्य ऐकून घेण्याची शक्ती कोणत्याही मातेत उरत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात लार्सन अँड टुब्रोच्या एलटीआय आणि माइंडट्री या दोन कंपन्या एकत्र आल्या, तेव्हा गुणोत्तर १०० ला ७३ होते, आणि नव्या कंपनीने दोन्ही नावे मध्ये जागा न सोडता जोडून घेतल्यामुळे निदान कोणाचे नाव गेले ही कुरबुर तरी टळली.

गुणोत्तराच्या आकड्याकडे इतके लक्ष दिले जाते, की खरा बदल कुठे होतो ते सहसा सुटते. तो होतो मुदतीत आणि अटींत. सेबीचे नियम या बाबतीत कर्मचाऱ्याच्या बाजूचे आहेत: जुन्या कंपनीचे ऑप्शन घेऊन त्याऐवजी नव्या कंपनीचे दिले, तर जुन्या कंपनीत गेलेला काळ किमान १ वर्षाच्या मुदतीत धरला जातो, म्हणजे अकरा महिने काढलेल्याला पुन्हा पहिल्या महिन्यापासून सुरुवात करावी लागत नाही. अटी पूर्वीपेक्षा प्रतिकूल नसाव्यात असे वाक्य विलीनीकरणाच्या योजनेतही पुष्कळदा असते, आणि असल्या मसुद्यात एकच ओळ वाचण्याइतका धीर असेल तर ती हीच वाचावी. तथापि अटी तशाच राहिल्या तरी नोकरी तशीच राहील असे ती ओळ म्हणत नाही. दोन कंपन्या एक झाल्या की वेतन विभाग दोन, विधी विभाग दोन आणि कँटीनच्या कंत्राटाची चौकशी करणारे अधिकारी दोन अशी परिस्थिती होते, आणि त्यांतला दुसरा कोण हे ठरले की त्याचे पक्के न झालेले ऑप्शन सर्वसाधारणपणे त्याच दिवशी रद्द होतात. सातबाऱ्यावर पोटखराबा क्षेत्र लिहिलेले असते पण त्यात पेरणी करता येत नाही, तशी या ऑप्शनची गत असते.

हा धोका ओळखून परदेशी करारांत ‘डबल ट्रिगर’ नावाची तरतूद असते: कंपनी विकली गेली आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीत कर्मचाऱ्याला कामावरून कमी केले, या दोन्ही गोष्टी घडल्या तर उरलेले ऑप्शन आपोआप पक्के होतात. नुसत्या विक्रीनेच पक्के होत असतील तर त्याला ‘सिंगल ट्रिगर’ म्हणतात. ही तरतूद मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या करारात जितकी सहज सापडते तितकी प्रोग्रामरच्या करारात सापडत नाही, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण मसुदा तपासायला पहिल्याजवळ वकील असतो आणि दुसऱ्याजवळ रविवार.

शेअरच्या बदल्यात शेअर न देता रोख पैसे देऊन कंपनी घेतली, तर हिशेब सोपा आणि मन जड होते. मुंबई-पुण्यात वाढलेली पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स ही कंपनी आयगेटने २०११ साली प्रवर्तकांकडून शेअरमागे ५०३ रुपये ५० पैशांनी घेतली आणि पुढे बाजारातून काढून टाकली. २०१५ साली फ्रान्सच्या कॅपजेमिनीने आयगेटच रोख ४८ डॉलर शेअरमागे देऊन घेतली. अशा व्यवहारात पक्क्या ऑप्शनमागे शेअरची ठरलेली किंमत वजा एक्सरसाइज किंमत एवढा फरक हाती येऊ शकतो, आणि एक्सरसाइज किंमत जास्त असेल तर काहीच येत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात ट्विटर ही कंपनी ५४ डॉलर २० सेंट शेअरमागे विकली गेली, तेव्हा कर्मचाऱ्यांना मिळावयाच्या, पण पक्क्या न झालेल्या शेअरचे त्याच दराने रोख रकमेत रूपांतर झाले, मात्र ते पैसे जुन्याच वेळापत्रकाने मिळणार होते. अर्थात वेळापत्रक संपेपर्यंत नोकरीत असणाऱ्याला. रस्त्यात जमीन गेल्यावर मावेजा मिळतो पण पुन्हा पेरता येत नाही, हे ज्या भागात प्रत्येक घराला ठाऊक आहे, तिथे या व्यवहाराला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

आणि शून्याचाही एक प्रकार आहे. साताऱ्यात १९३६ साली निघालेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ साली अडचणीत येऊन आयडीबीआयमध्ये गेली, तेव्हा भागधारकांना शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. १९१६ सालची सांगली बँक २००७ साली आयसीआयसीआयमध्ये गेली, तेव्हा ९२५ शेअरमागे १०० शेअर मिळाले. त्या वेळी यावर नाके मुरडली गेली, परंतु नोव्हेंबर २०२० मध्ये तमिळनाडूतील लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँकेच्या भारतीय कंपनीत विलीन करताना तिचे संपूर्ण भागभांडवलच पुसून टाकण्यात आले, आणि भागधारकांना गुणोत्तरच उरले नाही. ठेवीदारांचे पैसे वाचले, नोकऱ्या वाचल्या. बँकेवर श्रद्धा ठेवून शेअर घेतलेल्यांची श्रद्धा तेवढी वाचली.

बाजारात न नोंदलेल्या नवउद्योगांत हे शून्य अधिक सभ्य रीतीने येते. गुंतवणूकदारांनी घातलेले पैसे विक्रीच्या वेळी आधी परत मिळावेत, या हक्काला ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ म्हणतात. गुंतवणूकदारांनी असे १०० कोटी घातले आणि कंपनी ८० कोटींना विकली गेली, तर ते ८० कोटी त्यांचेच. कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनला उरतो तो समारंभाचा फोटो. वर्तमानपत्रात मात्र ‘८० कोटींना विक्री’ एवढेच छापून येते, आणि त्या दिवसापासून त्या कंपनीत काम करणाऱ्या मुलाकडे गावाकडची मंडळी बोअरवेलसाठी हातउसने मागू लागतात. गुणोत्तर, किंमत आणि वेळापत्रक या सगळ्यांवर मतदान होते ते भागधारकांचे आणि धनकोंचे, आणि मतदान करणाऱ्यांत मूल्याने तीन-चतुर्थांश बहुमत लागते. ज्याने ऑप्शनचा शेअर करून घेतला नाही तो अजून भागधारकच नसल्यामुळे त्याला मत नसते. आपले काय ठरले हे त्याला ई-मेलने कळते, आणि त्या ई-मेलला उत्तर देता येत नाही असे तळाशी लिहिलेले असते.

राहिला आयकर. ऑप्शनऐवजी ऑप्शन बदलून मिळाला म्हणून सर्वसाधारणपणे त्या क्षणी कर लागत नाही. तो लागतो एक्सरसाइजच्या वेळी, शेअरची बाजारकिंमत आणि भरलेली रक्कम यांच्या फरकावर, आणि तो फरक पगारात धरला जातो. आधीच घेतलेल्या शेअरच्या बदल्यात विलीनीकरणात नव्या भारतीय कंपनीचे शेअर आले, तर ती कायद्याने विक्री मानली जात नाही. नव्या शेअरची खरेदी किंमत जुन्यांचीच राहते आणि जुने शेअर ज्या तारखेला घेतले तेव्हापासूनचा काळ मोजला जातो. म्हणजे २०१९ साली जुन्या कंपनीत काय भाव पडला होता हे २०३० साली नव्या कंपनीचे शेअर विकताना सांगावे लागेल. ज्यांच्याजवळ जुन्या कंपनीचे ग्रँटचे पत्र, पैसे भरल्याची पावती आणि त्या वर्षीचा फॉर्म १६ असेल, त्यांनी ते घरातल्या सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून द्यावेत. जी कंपनीच उरलेली नाही तिच्याकडे नक्कल मागायला जाता येत नाही.